कुणाची दाढी, कुणाचं डोकं

२८ जून २०२० रोजी महाराष्ट्रातली सलूनं तीन महिन्यांनी उघडली, तेव्हा सरकारी आदेशात एक गमतीची अट होती. केस कापायला परवानगी होती, केस रंगवायलाही होती, दाढीला नव्हती. त्वचेशी संबंधित सेवा तूर्त बंद. रत्नागिरीच्या राम आळीत काय किंवा मुंबईच्या लालबागेत काय, कात्री सुटली आणि वस्तरा अडकून पडला. साथीच्या धास्तीने काढलेला तो आदेश या धंद्याच्या वर्मावर नेमकं बोट ठेवून गेला. केस कापणारा माणूस डोक्यामागे उभा असतो. दाढी करणारा समोर येतो, हनुवटी बोटांत धरतो, नाकाचा शेंडा उचलतो, आणि त्याच्या श्वासाच्या अंतरावर आपला गळा असतो.

इतकी जवळीक गावगाड्यात दुसऱ्या कुठल्याच कारागिराला नव्हती. म्हणून वस्तरा कुणाला लागला, कुणाला नाकारला गेला आणि कुणावर जबरदस्तीने चालवला गेला, याचा इतिहास हा नुसत्या एका हत्याराचा इतिहास राहत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात तर तो मंडणगड, दापोली आणि देवरूख अशा मोजक्या टापूत दाटून आलेला दिसतो.

आधी हत्यार पाहू.

जुन्या न्हाव्याची सारी मिळकत एका चामडी धोकटीत मावायची. तीत दोन-तीन वस्तरे, कातर, नखं काढायची नऱ्हाणी, फणी, पाण्याची वाटी, तुरटीचा खडा, छोटा आरसा, चामड्याचा पट्टा आणि फडक्यात गुंडाळलेला एक गुळगुळीत दगड. यातला वस्तरा पाहुण्याच्या नजरेत भरायचा, पण घरच्यांचा जीव दगडात असायचा. वस्तरा पैसे टाकून नवा आणता येई. हाताला सरावलेला, एकसारखा झिजवलेला दगड मात्र बापाकडून मुलाकडे जाई. कोकणात घराखालून, विहिरीच्या कठड्यापासून गडग्यापर्यंत दगडच दगड. पण तो जांभा. भोकाभोकांचा, खरखरीत. घरं बांधायला उत्तम, धारेला निरुपयोगी. वस्तऱ्याला लागतो तो बारीक, दाट कणांचा दगड, ज्यावर बोट फिरवलं तर ओल्या साबणासारखं वाटावं.

दगडावर वस्तरा लावणं बघायला सोपं आहे. पात्याची पाठ जाड, धार पातळ, आणि मधला भाग दोन्ही अंगांनी खोलगट घडवलेला. पातं दगडावर आडवं टाकलं की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकतात. म्हणजे कोन धरायची जबाबदारी हातावर नाही, ती लोहाराने पात्याच्या घडणीतच करून ठेवलेली. सुरी किंवा कोयता पाजळताना कोन सांभाळावा लागतो, वस्तऱ्याला तो आयता मिळतो. मग अवघड काय? अवघड आहे ते हात न उचलणं. शिकणारा पोरगा घाईने पाठ जराशी उचलतो, धार लवकर यावी म्हणून दाब देतो, आणि धार गोल होते किंवा तिची पातळ कड एका बाजूला वळून बसते. पात्याच्या वजनापलीकडे दाब द्यायचा नाही, हे ऐकायला एक वाक्य आहे. ते बोटांत उतरायला वर्षं जातात.

दगडावर धार पुढे ठेवून ओढायचं, जणू दगडाचा पापुद्रा काढायचा आहे. पट्ट्यावर अगदी उलट: पाठ पुढे, धार मागे. पट्ट्यावर चुकून धार पुढे गेली तर चामडं कापलं जातं आणि धारही जाते. दोन्हीकडे पातं उलटवायचं ते पाठीवरून, धारेवरून कधीच नाही. पट्टा ताणलेला हवा. सैल पट्टा मधे झोळ पाडतो आणि त्या झोळात धार गोलावते. खिडकीच्या गजाला किंवा खुर्चीच्या पाठीला एक टोक अडकवून दुसरं डाव्या हाताने खेचून धरायचं, हा रिवाज त्यासाठीच. पट्टा हाताशी नसेल तर कसबी न्हावी तळहातावर, अंगठ्याखालच्या मांसल उंचवट्यावर, पातं चटचट फिरवून घेत. गिऱ्हाईक आधी त्या आवाजाने गप्प होई.

दगडाचीही निगा असते. रोज मधोमध घासला की तो मधे खोलगट होतो आणि खोलगट दगडावर सरळ धार येत नाही. मग तो दुसऱ्या सपाट दगडावर घासून पुन्हा समतल करायचा. पाण्यावर चालणाऱ्या दगडाला तेल लावलं की तो तेलाचाच झाला. ते त्याच्या अंगात मुरतं, पुन्हा पाण्यावर नीट चालत नाही. धारेची परीक्षा मनगटावरच्या एका केसावर, नाहीतर ओल्या नखावर अलगद टेकवून. नखावर पातं सरकलं तर धार नाही, रुतल्यासारखं वाटलं तर आहे. मनगटावर केस नसलेला एखादा भाग हीच त्या धंद्याची खूण.

आणि रत्नागिरीत आणखी एक शत्रू: हवा. जून ते सप्टेंबर सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बाकीचे महिने समुद्राची खारी, दमट हवा. वस्तऱ्याचं पोलाद कडक, पण गंजाला सोपं. गंज पात्यावर डोळ्यांना दिसण्याआधी धारेवर बसतो, कारण धार म्हणजे पोलादाचा सगळ्यात पातळ भाग. देशावरचा न्हावी वस्तरा पुसून धोकटीत टाकेल तर चालेल. किनाऱ्यावर तो कोरडा करून, खोबरेल तेलाचं बोट फिरवूनच मिटायचा, नाहीतर सकाळी पहिल्याच गिऱ्हाइकाच्या तोंडून धारेचा समाचार मिळायचा.

हे पोलाद कुठलं, हीही एक गोष्टच आहे. पूर्वी गावोगावचे लोहार जे घडवत त्यावर काम भागे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शेफील्डचे आणि जर्मनीतल्या झोलिंगनचे वस्तरे जगभर पसरले आणि हिंदुस्थानच्या बाजारातही आले. पण त्याआधी वारं उलट्या दिशेने वाहत होतं. १७९४ साली मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी ‘वुट्झ’ नावाच्या हिंदुस्थानी पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. लंडनचा शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारा जेम्स स्टोडार्ट या पोलादाच्या प्रेमातच पडला आणि १८२० च्या सुमारास त्याने तरुण मायकेल फॅरडेला बरोबर घेऊन पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. विजेच्या शोधांसाठी जग ज्याला ओळखतं तो फॅरडे त्या दिवसांत आपल्या पोलादाचे वस्तरे मित्रांना भेट देत असे. मुंबई बंदरातून गेलेल्या नमुन्यांनी ज्या कुतूहलाला खाद्य पुरवलं, त्या कुतूहलातून सुधारलेलं पोलाद पुढे विलायती छाप घेऊन त्याच बंदरात उतरलं. विलायती वस्तऱ्याला गावठी वस्तऱ्यापेक्षा मान मिळाला, यात नवल ते काय.

धार लावणं आलं म्हणजे दाढी आली असं नाही. पहिली काही वर्षं पोरगा पाणी आणतो, केस झाडतो, ब्रशने फेस करतो, आरसा धरतो. मग लहान मुलांची डोकी. मग कातर. दाढी सगळ्यात शेवटी, आणि तीही आधी घरातल्याच काका-मामाची, कारण त्यांना कापलं तर ओरडा घरातच राहतो. वस्तरा तीन बोटांत आणि अंगठ्यात धरायचा, करंगळी मागच्या शेपटीवर. पात्याचा गालाशी कोन साधारण तीस अंशांचा. त्याहून आडवा झाला तर केस ओढले जातात, उभा झाला तर कातडी सोलते. दुसरा हात सतत त्वचा ताणत असतो आणि खरी कला त्या हातात आहे. कानाची पाळी वर, नाकाचा शेंडा बाजूला, ओठाखाली अंगठा. पातं धारेच्या दिशेने बाजूला सरकलं, अगदी सुताभर जरी, तरी चीर पडते. सुरीने टोमॅटो कापतो तेच इथे नको असतं. मानेवर केसांचा भोवरा असतो, प्रत्येकाचा वेगळा. आधी सुलटी, मग पुन्हा फेस लावून उलटी. घाटीपाशी आल्यावर गिऱ्हाईक हमखास आवंढा गिळतं. मुरलेला हात त्याच क्षणी थांबलेला असतो.

खुर्ची ही सलूनच्या काळातली. त्याआधी कोकणात न्हावी वाडीवाडीने फिरत असे. ओटीवर किंवा पडवीत गिऱ्हाईक पाटावर, न्हावी समोर उकिडवा, दोघांचे गुडघे जवळजवळ लागलेले, आरसा गिऱ्हाइकाच्याच हातात. साबणाआधीच्या काळात नुसतं पाणी बोटांनी चोळून चोळून दाढी मऊ करत. पाणी लावण्यात कसूर झाली की काय होतं हे मराठीत कायमचं नोंदलं गेलं आहे. कुणी कुणाला पुरतं नागवलं तर आपण बिनपाण्याने हजामत केली म्हणतो. जखमा, फोड, तुंबड्या लावून रक्त काढणं हीही त्याचीच कामं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण त्याच्या वैद्यकीची साक्ष आहे, आळसाची नव्हे.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गाव-गाडा’ लिहिला. त्यात बलुतेदारांच्या कामांचा जो पट मांडला आहे, त्यात न्हाव्याच्या वाट्याला हजामतीशिवाय मशाल धरणं, पाहुण्यांचं अंग रगडणं असली कामंही आहेत. आत्रे देशावरचं गाव सांगतात. खोतीच्या कोकणात, डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्यांत बलुतेदारीची घडी तितकी घट्ट नव्हती, पण न्हाव्यावाचून गाव अडत होतंच. बाळाचं जावळ त्याच्या हातचं, मुंजीआधीचं डोकं त्याच्या हातचं, बाप गेल्यावर मुलाचं क्षौर त्याच्याच हातचं. बदल्यात वर्षाकाठी घरटी भात. प्रत्येक मंगल आणि अमंगल प्रसंगी पहिला हात त्याचा, आणि पंगतीत पान मात्र बाहेर.

इतिहासाच्या पुस्तकांत न्हाव्याला जागा मिळाली ती तलवारीमुळे. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला आणि १६६० मध्ये पन्हाळ्याहून शिवाजी महाराज निसटत असताना त्यांच्या वेषात पालखीत बसून मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीद, दोघेही न्हावी. पराक्रम गाजवलेल्यांची नावं राहिली. पिढ्यान्‌पिढ्या दगडावर हात न उचलता पातं फिरवणाऱ्यांपैकी नाव राहिलं ते बहुधा एकाच संताचं. सेना महाराजांनी आपल्या धंद्याचीच रूपकं करून अभंग रचले, आणि श्रावण वद्य द्वादशीला त्यांची पुण्यतिथी नाभिक समाज आजही गावोगाव पाळतो.

आता मंडणगडकडे. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीला राहिलं आणि मग साताऱ्याला गेलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी साताऱ्याच्या घरातली एक गोष्ट सांगितली आहे. मुलांचे केस मोठी बहीण कापायची, आणि भावांवर हात चालवून चालवून ती त्यात तरबेज झाली होती. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही. त्यांना द्यायला घरात पैसे नव्हते असंही नाही. अस्पृश्याची हजामत करायला कुणी न्हावी तयारच नव्हता, असं ते लिहितात. त्या आठवणीत राग आहेच, पण वर्षानुवर्षं मुरलेला एक कोरडा विनोदही आहे.

हे कसब शिकलेल्या बहिणीचा विचार फारसा कुणी करत नाही. धोकटी नाही, बापजाद्यांचा दगड नाही, गुरू नाही. घराच्या ओट्यावर भावाची मान धरून तिने जे शिकून घेतलं, ते गावाने नाकारलं म्हणून शिकावं लागलं.

याच्याशी जुळणारी एक आठवण दक्षिण आफ्रिकेतली आहे. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्याने गांधींचे केस कापायला नकार दिला. गांधींनी केस कापायचं यंत्र विकत घेतलं आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच कापले. पुढचे जरा बरे जमले, मागचे पार बिघडले, आणि कोर्टातल्या मित्रांनी उंदरांनी कुरतडले का म्हणून थट्टा केली. आत्मकथेत ते सांगतात की विलायतेला गेलेला प्रत्येक जण निदान स्वतःची दाढी करायला तरी शिकतो, पण स्वतःचे केस कापायला कुणी शिकत नाही. त्या गोऱ्या न्हाव्याला मात्र ते दोष देत नाहीत. आपणच आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची हजामत करू देत नाही, त्याचं फळ मला तिकडे मिळालं, असा त्यांचा निवाडा. यातलं ‘करू देत नाही’ हे महत्त्वाचं. कुणाच्या डोक्याला हात लावायचा हे ठरवणं एकट्या न्हाव्याच्या हातात नव्हतं. त्याने ठरवून एखादं डोकं केलं असतं तर त्याला बाकीच्या गावाची घरं बंद झाली असती. पण म्हणून त्याच्या हातून झालेला नकार कमी बोचणारा ठरत नाही.

दुसरी बाजू याच्या नेमकी उलट. ज्यांना वस्तरा नको होता, त्यांच्यावर तो चालवला गेला.

ब्राह्मण घरांत नवरा गेलेल्या बाईचं केशवपन करायची रूढी रत्नागिरी जिल्ह्यात खोल रुजलेली होती. त्या रूढीने बाईच्या आयुष्याचं काय केलं ते देवरूखच्या जोशी घराण्यातल्या दोन बहिणींनी लिहून ठेवलं आहे. थोरली गोदूबाई. लग्न झालं आणि काही महिन्यांतच, वयाच्या आठव्या वर्षी, विधवा झाली. पुढे पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे दाखल झालेल्या सुरुवातीच्या विधवा विद्यार्थिनींत ती होती. ११ मार्च १८९३ रोजी तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. मुरूडच्या समाजाने कर्व्यांच्या घरावर बहिष्कार घातला. धाकटी पार्वतीबाई आठवले, तीही तरुणपणी विधवा झालेली. कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात काढलेल्या आश्रमात ती शिकली, पुढे त्याच संस्थेसाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडली, अमेरिकेपर्यंत गेली. मधल्या काळात तिने केशवपन करवून घेणं थांबवलं. ‘माझी कहाणी’ हे तिचं आत्मचरित्र १९२८ साली आलं. वर्षानुवर्षं जे अंगवळणी पडलं ते सोडताना, आणि सोडल्यावर लोकांच्या नजरा सोसताना बाईला काय वाटतं, हे तिथे जितक्या शांतपणे सांगितलं आहे तितकं सुधारकांच्या लेखांत सापडत नाही.

या विषयावर लेख कमी नव्हते. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या ‘सुधारका’तून कोरडे ओढले. हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीतल्या यमूचं केशवपन वाचून मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या हेलावल्या. पण वस्तरा ज्याच्या हातात होता त्याचा प्रश्न या लेखनात क्वचितच येतो. त्याला घरी बोलावणं जायचं, तो मागल्या दाराने यायचा, रडणाऱ्या मुलीचं डोकं करून जायचा. नकार दिला तर बलुतं बुडालं.

हा नकार शेवटी दिला गेला, आणि तो मुंबईत. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तिथल्या न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांची डोकी यापुढे करायची नाहीत असा ठराव झाला. लोखंडे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक, गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणारे. कामगारांची एकजूट कशी करायची हे ज्याला ठाऊक होतं, त्यानेच ही एकजूट घडवली हे लक्षात घेण्याजोगं आहे. बातमी इंग्लंडच्या वृत्तपत्रांपर्यंत पोचली. एका ठरावाने रूढी बंद पडली नाही. पार्वतीबाईंची कहाणीच त्याचा पुरावा. पण ब्राह्मण सुधारक ज्या रूढीवर वर्षानुवर्षं शास्त्रार्थ करत होते, तिच्यावर न्हाव्यांनी हत्यार खाली ठेवण्याचा साधा उपाय काढला. त्या काळातल्या सामाजिक चळवळींत याहून नेटका संप शोधून सापडणं कठीण.

तो ठराव मुंबईतच होऊ शकला, यालाही कारण आहे. गावात न्हाव्याचं पोट घराघरातल्या भातावर होतं, शहरात रोकड पैशावर. १८८१ च्या जनगणनेत मुंबईच्या पावणेआठ लाखांच्या वस्तीत सव्वा लाखाच्या आसपास माणसं जन्माने रत्नागिरी जिल्ह्यातली होती. (तेव्हाच्या जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही आला, तो १ मे १९८१ ला वेगळा झाला.) रत्नागिरीचा चाकरमानी गिरणीत गेला, गोदीत गेला, त्याच्या मागोमाग धोकटीही गेली. शहरात कुणाच्या घरी जायचं नव्हतं. पदपथावर पोतं टाकलं की दुकान झालं, आणि दुकानासमोर येणाऱ्याची जात दर वेळी विचारत बसणं परवडण्यासारखं नव्हतं.

या सगळ्या धाग्यांची गाठ २९ नोव्हेंबर १९४८ रोजी दिल्लीत पडली. संविधान सभेत त्या दिवशी मसुद्याचं नववं कलम चर्चेला होतं. धर्म, वंश, जात, लिंग यांवरून कुणालाही दुकानं, उपाहारगृहं, विहिरी यांपासून अडवता येणार नाही, असं सांगणारं. आजच्या संविधानात ते पंधरावं आहे. ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय, त्यात दाढीची सलूनं, धोब्याची दुकानं येतात का, अशी विचारणा सभागृहात झाली. उत्तर द्यायला आंबेडकर उभे राहिले. दुकान हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे, येईल त्याला सेवा द्यायला मालक जिथे बसलेला असतो ती जागा म्हणजे दुकान, असं त्यांनी स्पष्ट केलं. ज्या सभासदाने शंका काढली त्याला उत्तर देणारा माणूस अर्धशतकापूर्वी साताऱ्याच्या ओट्यावर बहिणीकडून केस कापून घेत होता, हे सभागृहात कितीजणांना ठाऊक होतं कोण जाणे. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारं कलमही मंजूर झालं. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्यात ‘दुकान’ची व्याख्या करताना केशकर्तनालय असा स्पष्ट उल्लेखच घातला गेला. कायदेमंडळाला असली बारीक नोंद करावी लागते तेव्हा ती कल्पनेतून आलेली नसते.

गावात हा कायदा किती पोचला, त्याचं उत्तर गावागणिक वेगळं. पण तोवर जमिनीखालची मुळंही हलली होती. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. वर्षाकाठी मिळणाऱ्या भातावर चालणारा हिशेब रोख पैशावर आला. वाडीवाडीने फिरणारा न्हावी एस. टी. स्टँडजवळ टपरी टाकून बसू लागला. तिथे खुर्ची आली, मोठा आरसा आला, आरशावर देवादिकांची आणि नटांची चित्रं आली, आणि सोमवारची सुट्टी आली.

वस्तऱ्याला खरा शह मात्र समाजसुधारकांनी दिला नाही, तो एका अमेरिकन विक्रेत्याने दिला. किंग कॅम्प जिलेट याला १९०४ साली टाकाऊ पात्याच्या सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना असे लाखो रेझर दिले गेले, आणि घरी परतलेले सैनिक ती सवय घेऊन आले. धार गेली की पातं फेकायचं. दगड, पट्टा, तळहात, मनगटावरचा केस, सगळं एकदम अनावश्यक. हिंदुस्थानात ही सवय हळूहळू मुरली, कारण इथे हात स्वस्त होता आणि पातं महाग. स्वातंत्र्यानंतर देशी ब्लेड स्वस्त झाली तेव्हा रत्नागिरीतल्या कारकून-मास्तरांनी घरच्या घरी, खिडकीतल्या उजेडात, पत्र्याच्या डब्यातून रेझर काढून दाढी उरकायला सुरुवात केली. सलूनमध्ये मात्र वस्तरा राहिला. लोकांना तो हवाच होता. स्वतःची दाढी स्वतः करण्यात गुळगुळीत गाल मिळतो, पण डोळे मिटून पडून राहण्याचं सुख मिळत नाही.

दगडावर लावायच्या वस्तऱ्याचा शेवट केला एका विषाणूने. १९८६ साली मद्रासमध्ये देशात पहिल्यांदा एचआयव्हीचा संसर्ग आढळला आणि नव्वदच्या दशकात भिंतीभिंतींवर सूचना झळकल्या: न्हाव्याला नवं ब्लेड वापरायला सांगा. एकच पातं दिवसभर दहा गळ्यांवर फिरवणं आता धोक्याचं ठरलं. धंद्याने त्यावर तोड काढली ती हुशारीची. वस्तऱ्याचा आकार तसाच ठेवायचा, मूठ तीच, शेपटी तीच, पण पात्याच्या जागी खाच. दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धं खाचेत सरकवायचं, गिऱ्हाइकासमोर. दाढी झाली की टाकून द्यायचं. हाताच्या सवयी बदलाव्या लागल्या नाहीत. फक्त दगडाची गरज संपली.

त्यामुळे आज उलटाच प्रकार दिसतो. दगडावर वस्तरा लावायला शिकणारे आता पुण्या-मुंबईतले हौशी लोक आहेत. पगारदार, घरात एकटेच शिकणारे. बेल्जियमच्या खाणीतला पिवळसर दगड किंवा जपानी पाणदगड मागवून, जुना शेफील्डचा वस्तरा लिलावात घेऊन, ते पाठ टेकवायची, धार टेकवायची, दाब द्यायचा नाही, हेच धडे गिरवतात. त्यांच्या घोटण्यात नवीन काही नाही. एका मापाने पाहिलं तर रत्नागिरीच्या पडवीतल्या बारा वर्षांच्या पोराला जे फुकट आणि थोडीशी टपली खाऊन मिळत होतं, त्यासाठी ते हजारो रुपये मोजत आहेत. मात्र त्यांना एक मोकळीक आहे जी त्या पोराला नव्हती: शिकायचं की नाही ते ते स्वतः ठरवतात.

रत्नागिरीतला आजचा शिकाऊ मुलगा धार लावत नाही. तो फुग्यावर फेस लावून ब्लेडने उतरवायला शिकतो, फुगा फुटला की पुन्हा पहिल्यापासून. अर्धं ब्लेड कारखान्यातून येतानाच इतकं तिखट असतं की जुन्या वस्तऱ्याला चालणारी चूक त्याला चालत नाही, म्हणून कोन आणि ताण या दोन गोष्टी त्याला आजोबांपेक्षा जास्त काळजीने सांभाळाव्या लागतात. फुग्याला मात्र भोवरा नसतो आणि तो आवंढाही गिळत नाही. तेवढं शिकायला मालक त्याला अजून घरच्याच कुणाची तरी मान देतो, बहुतेक सोमवारी, दुकान बंद असताना.